चढावरची टिणटिण

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो. पण आता धनजमध्ये मला मोटारसायकल म्हणून कोणी ओळखेल असे वाटत नाही. गावाच्या कडेला, जिथून रस्ता चढाला लागतो, तिथे एक पत्र्याचे छप्पर आहे. त्याखाली गुरांच्या कुटाराची पोती, एक मोडका वखर आणि मी. माझ्या सीटमधून काथ्या बाहेर आला आहे. शाळेतून येणारी मुले कधी माझे हँडल हलवून पाहतात, तोंडाने फटफट आवाज काढतात आणि निघून जातात. त्यांच्यातले कोणी थांबले असते तर जे सांगितले असते, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. माझा सिलिंडर घडवला, त्यात अॅल्युमिनियमचा पिस्टन बसवला आणि अंगावर फौजेचा हिरवा रंग चढवला. निरोप आणि कागद घेऊन एका छावणीतून दुसऱ्या छावणीत धावणे हे माझे काम. फौजेच्या वर्कशॉपमध्येच मला इंद्रभान भेटला. तो धनजचा, बौद्ध घरातला, उंच आणि कमी बोलणारा. त्याचे वडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबले होते. इंद्रभानने हातात पाना धरला, तेव्हा तो घराण्यातला पाना धरणारा पहिला माणूस होता. माझ्या इंजिनावर तो वाकला की मला बरे वाटत असे. त्याचे हात कधी घाई करत नसत.

आता थोडे माझ्या पोटातले सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पेट्रोलची वाफ आणि हवा माझ्या सिलिंडरमध्ये येते. पिस्टन वर येऊन ती दाबतो, आणि प्लगची ठिणगी तिला पेटवते. ती आग पसरत जाते आणि पिस्टनला खाली ढकलते. तुम्ही झोक्यावर बसलेल्या मित्राला धक्का देता, तेव्हा झोका मागे येऊन क्षणभर थांबला की देता ना? झोका अजून मागे येत असतानाच रट्टा दिला, तर तुमचा हात मुरगळेल आणि झोक्यावरच्यालाही मार बसेल. ठिणगी फार लवकर पडली, किंवा पेट्रोल भेसळीचे असले, तर माझ्या आत तसेच होते. वाफ शिस्तीने जळत नाही, एकदम फुटते, आणि पिस्टनच्या माथ्यावर हातोडी बसावी तसा घाव बसतो. बाहेर बारीक आवाज येतो, डब्यात खडे हलवल्यासारखा. टिणटिण, टिणटिण. मेकॅनिक लोक त्याला नॉकिंग म्हणतात. मी त्याला माझे कण्हणे म्हणते.

ठिणगी लवकर पडली की जोर वाढतो, आणि फारच लवकर पडली की ही टिणटिण सुरू होते. मधली नेमकी जागा शोधण्याची रीत फौजेतल्या उस्तादाने इंद्रभानला शिकवली होती. गाडी चढावर टॉप गिअरमध्ये घालायची, अॅक्सिलेटर पूर्ण द्यायचा, आणि कान लावायचा. टिणटिण येईपर्यंत टायमिंगची, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारी, प्लेट पुढे न्यायची, आणि ती आली की केसभर मागे घ्यायची. या कामाला कानासारखे हत्यार नाही असे तो उस्ताद म्हणायचा. इंद्रभानचा कान वर्कशॉपमध्ये नावाजलेला होता.

मग एकाहत्तरची लढाई झाली. पूर्वेच्या सरहद्दीवर इंद्रभान एका ट्रकखाली काम करत असताना जवळच तोफगोळा फुटला. अंगाला जखम झाली नाही. नोकरीची मुदत भरल्यावर, काही महिन्यांनी, फौजेने त्याला घरी पाठवले, आणि मलाही त्याच सुमारास कामठीच्या छावणीत लिलावाला काढले. इंद्रभानने मला तिथे पाहिले. आपल्या हाताखालची गाडी दुसऱ्या कोणी नेऊ नये म्हणून त्याने मला घेतले. मूर्तिजापूरपासून मी छोट्या रेल्वेच्या डब्यात, कापसाच्या गठाणींना टेकून कारंज्याला आले. त्याने माझा हिरवा रंग खरवडला आणि मला काळा रंग दिला.

कारंज्यात एसटी स्टँडच्या पलीकडे त्याने गॅरेज उघडले. ती माझी चांगली वर्षे होती. मी गॅरेजच्या दारात उभी असायची, आणि लोक माझा आवाज ऐकून आपल्या गाड्या आत लावायचे. धनजचे मोठे शेतकरी बबनराव तर त्यांची गाडी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. गाडी इंद्रभानकडे देत, आणि स्वतःसाठी पाणी मात्र समोरच्या हॉटेलातून मागवत. इंद्रभान ते बघायचा आणि काम करत राहायचा.

पण लढाईतल्या त्या गोळ्याने एक गोष्ट नेली होती. माणसांचे बोलणे त्याला ऐकू येई, ट्रकचा हॉर्न येई, माझे धडधडणेही येई. गेले होते ते बारीक आवाज. सायकलची घंटी, चिमण्या, चहाच्या भांड्यावर थरथरणारे झाकण. लहान मुलांचे बोलणे तो त्यांच्या ओठांकडे पाहून ओळखायचा. हे त्याने कोणाला सांगितले नाही. त्याला स्वतःलाही ते सुरुवातीला पुरते कळले होते की नाही, हे मला सांगता येणार नाही. जुन्या सवयीवर, हाताला येणाऱ्या थरथरीवर आणि प्लगच्या रंगावर त्याचे बरेच काम निभावून जात होते.

त्याचा धाकटा भाऊ शेषराव शिकला. त्याला आमच्याच भागातल्या मालेगावला सरकारी कचेरीत नोकरी लागली. भागिरथाशी त्याचे लग्न झाले तेव्हा इंद्रभानने मला त्याच्या हवाली केले. शेषराव मोकळा, गमत्या माणूस होता. रस्त्याने मला चालवताना तो गात असे आणि मागे बसलेली भागिरथा त्याला गप्प बसवत असे. दर रविवारी दोघे माझ्यावर बसून मालेगावहून शेलुबाजार, कारंजा करत धनजला घरी येत. तिथे इंद्रभान मला तपासायचा. त्याची बायको बेबीताई दारात बसून निवडणे-टिपणे करत आमच्याकडे बघायची.

पुढे पेट्रोल महागले आणि मिळेनासे झाले. पंपावर रांगा लागायच्या, आणि रस्त्याकडेच्या दुकानांत बाटल्यांतून पेट्रोल विकले जायचे. त्यात रॉकेल मिसळलेले असे. शेषरावजवळ दुसरा इलाज नव्हता. तेच माझ्या टाकीत पडत राहिले. माझा जोर कमी झाला आणि सिलिंडरच्या डोक्यात काजळी साचू लागली. शेषरावने रविवारी भावाला सांगितले की गाडी ओढत नाही.

मित्रांनो, इथेच सारे बिघडले. इंद्रभानने काजळी खरवडून काढली, ते बरोबर केले. मग मला चढावर नेले आणि टायमिंगची प्लेट पुढे सरकवत गेला, टिणटिण येण्याची वाट पाहत. ती आली. मी कण्हू लागले. त्याला ऐकू आले नाही. त्याने प्लेट आणखी पुढे नेली. जोर वाढलेला पाहून त्याला समाधान वाटले, आणि त्याने प्लेटचे स्क्रू आवळले. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलवर ठिणगी उशिराने पाडायची असते. त्याने ती लवकर पाडली.

पुढच्या रविवारी शेषराव उतरल्याबरोबर म्हणाला, "दादा, चढावर टिणटिण करते. भागिरथा मागं बसली की लयच."

इंद्रभान मला घेऊन चढावर जाऊन आला. वाल्व हलवणारे टॅपेट ढिले झाले आहेत असे त्याने सांगितले आणि टॅपेट आवळले. फौजेतल्या मेकॅनिक भावाचा शब्द. शेषरावने मान डोलावली. बेबीताई मात्र सूप बाजूला ठेवून उठली आणि जवळ आली.

"आवो, तो आवाज गेला नाई," ती म्हणाली. "तुमी वर चढत होते तवा मले इथपर्यंत येत होता."

"तुले इंजिनातलं काय समजते?"

"समजत नाई. आयकू येते."

इंद्रभानने हातातला पाना खाली ठेवला आणि तो घरात निघून गेला. त्याला राग आला असे शेषरावला वाटले. मी त्याच्या हातांखाली वर्षे काढली होती, मला त्यात भीती दिसली. कान गेला असे एकदा कारंज्यात कळले, तर गॅरेजमध्ये कोण गाडी आणणार होते? त्याला परत दुसऱ्याच्या शेतात जावे लागले असते. बेबीताईने तो विषय आणखी दोनदा काढला. दुसऱ्या वेळी तो तिच्याशी बरेच दिवस बोलला नाही. मग तिनेही बोलणे सोडले.

त्याने माझी काळजी घेणे सोडले नव्हते, हेही तुम्हाला सांगितले पाहिजे. एका रविवारी त्याने प्लग काढला तर त्याचे टोक पांढरे पडलेले, आणि त्यावर बारीक चमकते कण. ते माझ्या पिस्टनचे कण होते. त्याने प्लग उन्हात फिरवून पाहिला. पेट्रोल कमी पडत असेल असे धरून त्याने कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त सोडणारा मोठा जेट बसवला. त्याने मला थोडे दिवस आराम पडला. पण ठिणगी होती तिथेच होती, आणि उन्हाळा चढत होता.

तो दिवस वैशाखातला होता. शेषराव आणि भागिरथा दुपारी मालेगावहून निघाले. शेषराव त्या दिवशीही गात होता. शेलुबाजारच्या पुढे एक लांब चढ आहे. ऊन तापलेले, दोन माणसांचे ओझे, टाकीत रॉकेलचे पेट्रोल. माझ्या आत घावावर घाव बसत होते. भागिरथाने पुढे वाकून शेषरावला सांगितले की आवाज फार वाढला आहे, थांबून पाहू या. वर गेल्यावर थांबू असे तो म्हणाला. चढ संपत आला आणि माझा पिस्टन वितळून सिलिंडरला चिकटला. मागचे चाक जागच्या जागी अडकले. मी आडवी घसरले. भागिरथा कडेच्या मुरमात फेकली गेली. शेषराव रस्त्यावर पडला. मागून गठाणी भरलेला ट्रक येत होता. ड्रायव्हरने ब्रेक मारला, पण ट्रक भरलेला होता.

मी यापुढचे सांगत नाही. शेषराव तिथेच गेला. भागिरथाचा पाय मांडीत मोडला होता.

मला बैलगाडीत घालून धनजला आणले आणि या छपराखाली टाकले. शेषरावला निरोप देताना विहाराजवळ सारी वस्ती जमली होती. त्रिशरण झाले, पंचशील झाले. लोक ट्रकवाल्याला शिव्या देत होते. कोणी म्हणाले रस्त्यावर वाळू होती, कोणी म्हणाले साखळी अडकली असेल. लोक पांगल्यावर इंद्रभान हत्यारांची पेटी घेऊन माझ्याकडे आला आणि माझे इंजिन उघडू लागला.

सिलिंडर सहज निघाला नाही. पिस्टन बाहेर आला तेव्हा त्याच्या माथ्यावर बोराएवढे भोक होते. कडा वितळून ओघळल्या होत्या, आणि सारा माथा बारीक टोच्याने टोचल्यासारखा झाला होता. फौजेत त्याने असे पिस्टन नव्या पोरांना हातात धरून दाखवले होते, असे होऊ देऊ नका म्हणून. त्याने टायमिंगची प्लेट पाहिली. आपणच आवळलेले स्क्रू पाहिले. बेबीताई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथेच उभी राहिली.

"तुले आवाज येत होता?" त्याने विचारले.

"येत होता."

"मले नाई आला," तो म्हणाला. "एकदाबी नाई आला."

बेबीताई खाली बसली. हे कोणाला सांगू नका असे ती त्याला म्हणाली. शेषराव परत येणार नाही, आणि गॅरेज बुडाले तर दोन्ही घरे बुडतील. तिचे म्हणणे खोटे नव्हते. भागिरथाला आता त्यांनीच पोसायचे होते. इंद्रभानने तांब्यातले पाणी प्यायले, पिस्टन फडक्यात गुंडाळला आणि तो घराकडे निघाला.

भागिरथा पडवीत खाटेवर होती. पायाला फळ्या बांधलेल्या. भेटायला आलेल्या बायका भोवती बसल्या होत्या. त्यांच्यादेखत त्याने फडके उघडले आणि सारे सांगितले. मोठ्याने सांगितले, कारण आपला आवाज किती मोठा आहे हेही त्याला आता नीट कळत नसे. इथे छपराखाली मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. ट्रकवाल्याचा दोष नाही, गाडी मी बिघडवली, असे तो म्हणाला. लढाईपासून आपल्याला बारीक आवाज येत नाहीत, असे म्हणाला.

मग भागिरथाचा आवाज आला.

"आयकू येत नाई याचा मले राग नाई, दादा. तुमी सांगतलं नाई. सांगतलं असतं तर ते गाडी दुसऱ्याकडे घेऊन गेले असते."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. एकाच अंगणात दोन चुली झाल्या. पाय जुळला, पण आखूड राहिला. त्या पायाने ती कापूस वेचायला जाऊ लागली. इंद्रभानने गॅरेज बंद केले. एवढा कारागीर रिकामा का बसला असे कारंज्यात कोणी विचारले तर तो सरळ सांगायचा की मला ऐकू येत नाही. काही लोक हळहळले. काही त्याच्या मागे उभे राहून हळूच नाव घेऊन पाहायचे आणि हसायचे. तोही वेचणीला, निंदणाला जाऊ लागला. त्याला ज्याची भीती होती ते सारे झाले. मला त्याने भंगारात दिले नाही आणि दुरुस्तही केले नाही. भोक पडलेला पिस्टन आणून माझ्या शेजारी वखरावर ठेवला, आणि मग तो माझ्याजवळ फारसा आला नाही.

अशी काही वर्षे गेली. मग एका सकाळी बबनराव त्यांची नवी गाडी घेऊन इथे आले. त्यांचा मुलगा कारंज्याला कॉलेजात जात होता आणि ही गाडी चालवत होता. ती चढावर टिणटिण करायची. दोन ठिकाणी दाखवून झाली होती, आवाज गेला नव्हता. बबनरावांनी इंद्रभानला बोलावले. त्याने मान हलवली. मला ऐकू येत नाही, दुसरीकडे न्या, मुलाला चालवू देऊ नका, असे त्याने सांगितले. बबनराव म्हणाले की दुसरीकडे नेऊन झाले, आता कुठे नेऊ?

भागिरथा वेचणीला निघाली होती. ती कडेला थांबली. गाडी कोण चालवते, हे तिने बबनरावांना विचारले. मुलगा चालवतो असे कळल्यावर तिने डोक्यावरची ओटी, कापूस भरायचे फडके, खाली ठेवली.

"चढावर न्या," ती म्हणाली. हे ती इंद्रभानला म्हणाली, पण पाहत होती गाडीकडे. "मी मंदात उभी राह्यते. आवाज आला का हात वर करीन."

मित्रांनो, मी ते या छपराखालून पाहिले. भागिरथा लंगडत चढाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. इंद्रभानने गाडी टॉप गिअरमध्ये घातली आणि अॅक्सिलेटर पूर्ण दिला. त्याचे डोळे रस्त्यावर नव्हते, तिच्या हातावर होते. टिणटिण मला इथपर्यंत आली. भागिरथाचा हात वर गेला. तो परत आला, प्लेट केसभर मागे घेतली, पुन्हा वर गेला. हात पुन्हा वर. आणखी केसभर. बेबीताई दारात येऊन उभी होती. वस्तीतले काही लोक थांबले होते. त्याने किती खेपा केल्या ते मी मोजले नाही. शेवटी गाडी भागिरथाच्या अगदी जवळून गेली, पुढे निघाली, चढ संपला, आणि तिचा हात खालीच राहिला.

बबनरावांनी पाणी मागितले. बेबीताईने दिले, आणि त्या दिवशी ते प्यायले. भागिरथा खाली आली, तिने ओटी उचलली आणि वेचणीला गेली. इंद्रभानशी ती एक शब्द बोलली नाही. तोही तिच्याशी बोलला नाही. पण बबनरावांनी बाहेर सांगितले असावे, कारण मग अधूनमधून एखादी गाडी चढाखाली येऊन थांबू लागली. तसे झाले की इंद्रभान निरोप पाठवतो आणि भागिरथा चढावर जाऊन उभी राहते. त्या दोघांमध्ये एवढेच उरले आहे. याला क्षमा म्हणत असतील असे मला वाटत नाही.

आता माझे म्हणणे. यंत्राची काळजी घ्या, मित्रांनो. काजळी साचू देऊ नका, बाटलीतले पेट्रोल घालू नका, आणि यंत्र कण्हू लागले तर वर गेल्यावर थांबू असे म्हणू नका, तिथेच थांबा. हे मला सांगायचेच होते. पण मला मघापासून आठवतात ते इंद्रभानच्या मागे उभे राहून हसणारे लोक. ते हसतील म्हणूनही तो इतकी वर्षे गप्प राहिला होता. तुमच्या घरात, शेजारात कोणी पुन्हा पुन्हा "काय म्हणला?" असे विचारत असेल, तर त्याला हसू नका. त्याच्या समोर येऊन, त्याला दिसेल असे उभे राहा, आणि तेच वाक्य पुन्हा एकदा सांगा.